अमृतला उत्तर देत राहा

कान्हे
१२ मे २०२४

प्रिय रेणुताई,
सप्रेम जय भीम.

पाकिटात रेकॉर्डरचं पहिलं कार्ड आहे, मिळाल्यावर कळव. नखाएवढी वस्तू, पण तिने मला घोर लावला. आधी तांदळाच्या डब्यात ठेवलं, मग वाटलं धुण्यात जाईल, शेवटी कानातल्यांच्या डबीत घालून डबी उशाशी घेतली. तू शिवून दिलेली बंडी अमृतला बरोबर बसते. छातीवरच्या खिशात तुझा तो रेकॉर्डर घातला की सासूबाई त्याला कंडक्टर म्हणतात आणि तिकीट मागतात. दिवसभर घरात जे बोललं जाईल ते सगळं त्यात उतरतं, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर कुणी तोंड उघडणार नाही आणि तुझा अभ्यास बुडेल.

पत्र लिहायची सवय गेली होती. पण फोनवर बोलायचं तर सासूबाई कान देऊन शेजारी बसतात, आणि तुझ्या खंडाळ्याच्या त्या बंगल्यामागच्या खोलीत म्हणे रेंजच येत नाही. कार्ड पाठवायचंच आहे तर सोबत चार ओळी. सुहास रोज लोकलने लोणावळ्याला येतात आणि पुढे खंडाळ्याच्या हॉटेलवर लाइट-पंपाचं काम बघतात, ते जाता जाता पाकीट देतील. मावसबहिणीचा नवरा घरबसल्या पोस्टमन मिळाला तुला.

अमृत चार महिन्यांचा झाला. रडतो असा की पलीकडच्या आळीत कळतं. पोट भरलं की पडल्या पडल्या आ, ऊ, ग्ग असं एकटाच बोलत असतो. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून रूळ आहेत हे तुला माहीतच आहे. एक्सप्रेस गेली की तो दोन्ही हात फेकून दचकतो, झोपेतसुद्धा. सासूबाई येईल त्याला कौतुकाने सांगतात, "कान लय तिखट हायेत प्वाराचे."

एक विचारायचं राहिलं. पक्ष्यांची पिलं आणि माणसांची पोरं एकाच अभ्यासात कशी गं? आईने विचारलं तर मी काय सांगू, तुझा नातू आणि खंडाळ्याचं पाखरू एका वर्गात बसतात?

तुझी,
सारू


खंडाळा
२० मे २०२४

प्रिय सारू,
जय भीम.

कार्ड मिळालं. काल दिवसभर ऐकत बसले होते. भाजीत मीठ जास्त झाल्यावरून तुझी आणि सासूबाईंची झालेली चकमकही ऐकली आणि निकाल त्यांच्या बाजूने दिला. तुमच्या घरात माणसांपेक्षा रेल्वेच जास्त बोलते.

वर्गाचं विचारलंस ते बरं केलंस. इथे ओढ्याच्या कड्यावर कस्तूर घरटं करतो. निळा-काळा पक्षी, पहाटे माणसासारखी शीळ घालतो. आता बघ, कोंबडीच्या पिलाला ओरडायला कुणी शिकवत नाही. अंड्यातून निघतं ते चिवचिवतच, आणि त्याला अजिबात ऐकू येत नसलं तरी मोठं झाल्यावर इतरांसारखंच आरवतं. कस्तुराचं तसं नाही. त्याचं पिलू आधी मोठ्याची शीळ नुसती ऐकतं, मग झाडीत बसून हळूच काहीतरी अर्धवट पुटपुटतं, स्वतःचं ऐकतं, चुकतं, पुन्हा करतं. माणसाचं मूल त्याच वर्गातलं. अमृत आता जे आ-ऊ करतो ते सगळीच मुलं करतात. पुढे बाबाबा, दादादा सुरू होतं, ते मात्र ऐकून ऐकून येतं. दुसऱ्याचंही आणि स्वतःचंही.

म्हणून तू एकच काम कर. तो काही बोलला की गप्प बसू नकोस, उत्तर दे. मग थांब, त्याची पाळी येऊ दे, पुन्हा उत्तर दे. अमृतला उत्तर देत राहा, एवढंच.

आमच्या गाइड मॅडमचा एक नियम आहे. अभ्यास चालू असताना घरच्यांना निकाल सांगायचे नाहीत, कारण मग ते वेगळं वागायला लागतात. पण तू माझी बहीण आहेस. अमृतबद्दल काही सांगण्यासारखं दिसलं तर नियम गेला खड्ड्यात, पहिलं तुला सांगेन. चंपामावशीला म्हणावं, नातू वर्गात पहिल्या बाकावर बसतो.

तुझी,
रेणुताई


कान्हे
९ ऑगस्ट २०२४

प्रिय रेणुताई,
सप्रेम जय भीम.

उत्तर देऊन देऊन माझा घसा बसलाय. भाकरी थापताना, कपडे पिळताना, त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालताना माझी टकळी चालू. सासूबाई म्हणाल्या, लग्न झाल्यापासून एवढं तू माझ्याशी बोलली नाहीस.

शेजारच्या शालनची मुलगी अमृतपेक्षा लहान. ती परवा ओट्यावर बसून बाबाबाबा करायला लागली. शालनने अख्ख्या आळीला बोलावून दाखवलं. मी घरी आले, अमृतच्या समोर मांडी घालून बसले आणि तेच केलं. तो माझ्या तोंडाकडे असा टक लावून बघतो की मलाच लाज वाटते. हसतो, ओठही हलवतो, पण आवाज तोच जुना. उलट आ-ऊसुद्धा हल्ली कमी झालंय असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात सुहासही लय उशिरा बोलला होता.

तुझ्याकडे मावळातल्या इतर घरांतलीही पोरं आहेत. तू एकाशेजारी एक ठेवून ऐकतेस. मला खरं सांग, अमृत मागे पडलाय का? आळीतल्या बायकांचं मी मनावर घेत नाही. तू सांगशील ते घेईन.

तुझी,
सारू


खंडाळा
२७ ऑगस्ट २०२४

प्रिय सारू,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. घरट्यांवर कामाची गर्दी आहे.

प्रत्येक मूल आपापल्या वेळेने बोलतं. मध्यंतरी सुहासराव भेटले, लोणावळ्यात चहा घेतला, बराच वेळ बोललो. माणूस चांगला आहे, तुझी काळजी करतो. तू खंबीर आहेस असं मी त्यांना सांगितलं. धीर धर, तब्येत सांभाळ.

कार्ड मात्र एकही चुकवू नकोस. आता येणारी कार्डं अभ्यासासाठी फार महत्त्वाची आहेत.

तुझी,
रेणुताई


कान्हे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेणुताई,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आलं त्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. धीर धर असं आपण कुणी गेलं की लिहितो. आमच्याकडे तर सगळे धडधाकट आहेत. सुहासना विचारलं की ताईशी एवढं काय बोललात, तर म्हणाले पक्ष्यांचं सांगत होत्या. मग मला वाटलं, मी बारीक झालेय असं त्यांनी तुला सांगितलं असेल, म्हणून तू तब्येतीचं लिहिलंस. खरंच तेवढंच ना?

घरात लग्न निघालंय. नणंदेचं, चैतालीचं, तळेगावच्या स्थळाशी जमलं. मुलगा कंपनीत कायम आहे, माणसं जरा मोजूनमापून बोलणारी. डिसेंबरात लग्न. सुहास त्या धावपळीत इतके बुडालेत की घरात असून नसल्यासारखे. पूर्वी अमृतला कडेवर घेऊन गाडी बघायला रुळाकडे न्यायचे, ते सोडलंय. त्याच्याकडे बघतात आणि नजर वळवतात. मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवू या, तर अंगावर खेकसले. लग्न होऊ दे, मग बघू, म्हणाले. असे कधी खेकसत नाहीत.

सासूबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. पोपटाने उष्टावलेला पेरू दिला की पोर लवकर बोलतं म्हणून सकाळी सकाळी कुणाच्या तरी परड्यातून चोच मारलेला पेरू घेऊन आल्या. त्याचा गर बोटाने अमृतच्या जिभेला लावला. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि आम्ही दोघी हसलो. मी हसले खरी, पण मनातून मलाही वाटत होतं की चालू दे, लागलं तर लागलं.

ताई, तुला त्या कार्डांत काही वेगळं ऐकू आलं असेल तर लपवू नकोस.

तुझी,
सारू


खंडाळा
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय सारू,
जय भीम.

किती विचार करतेस! सुहासरावांशी पक्ष्यांचंच बोलणं झालं. धीर धर हे मी आपलं सहज लिहिलं, तू त्याचा एवढा कीस काढशील असं वाटलं नाही. लग्नघरात उगीच डॉक्टरची गडबड नको. लग्न होऊ दे, मग पुण्याला ये, एकदा दाखवून घेऊ.

तोवर त्याच्याशी बोलत राहा. पूर्वीपेक्षा जास्त बोल. शेवटची दोन कार्डं उत्तम आली आहेत, आवाज स्वच्छ आहे. पेरूची गंमत ऐकली, तुम्ही दोघी छान हसलात.

तुझी,
रेणुताई


लोहगडवाडी
२८ डिसेंबर २०२४

प्रिय रेणुताई,

हे पत्र पोस्टाने येतंय. चैतालीचं लग्न पार पडलं आणि मी विसाव्याला आईकडे आले. वर्षअखेरीची गर्दी आहे, गडावर जाणाऱ्यांची रांग लागलीय, आईला टपरीवर दोन हात कमी पडतात. मी कांदा चिरते आणि अमृत बाजूच्या पोत्यावर बसून डब्याच्या झाकणाशी खेळतो.

टपरीमागे कुत्री व्यालीय. पिलं आता भुंकायला शिकतायत. एक पिलू जोर लावून भुंकायला जातं, आवाज भलताच फुटतो आणि ते स्वतःच दचकून मागे बघतं. काल दुपारी कुणा पुण्याच्या पोरीने पिलू उचललं आणि कुत्री धावून आली. अमृतच्या पाठीशी, हातभर अंतरावर, अशी भुंकली की ती पोरगी रडायला लागली, माझ्या हातातली सुरी पडली. पिलं पांगली. अमृतने मान वर केली नाही. झाकण उलटं करत होता, करत राहिला.

आई माझ्याकडे बघत होती. परात उचलली, त्याच्या मागे गेली आणि उलथन्याने वाजवली. एकदा, मग पुन्हा जोरात. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अमृत वळला नाही. मग आईने परात खाली ठेवली आणि भजी तळायला गेली, कारण गिऱ्हाईक उभं होतं.

ताई, इथे रूळ नाहीत. इथे आल्यापासून तो एकदाही दचकलेला नाही. कान्ह्याला गाडी गेली की अख्खं घर हलतं, भांडी हलतात, त्याची गोधडी हलते. तो त्यानेच दचकायचा. आम्ही सगळ्यांना कान तिखट म्हणून सांगत बसलो.

मी हाक मारली की तो कधी बघायचा हे आठवून बघतेय. समोर असले की बघायचा. मागून मारलेल्या हाका आठवत नाहीत, कारण मी कायम त्याच्या तोंडासमोर बसून बोलत होते.

तू इतके महिने त्याला ऐकतेस. तुला काय वाटतं ते सगळं लिही. नियम असेल तर असू दे.

सारू


खंडाळा
३ जानेवारी २०२५

प्रिय सारू,

तुझं पत्र वाचून रडले. तुला इतके दिवस माहीत नाही याचं ओझं माझ्यावर होतं.

ऑगस्टच्या कार्डांत मला शंका आली होती. त्याचे आवाज पुढे सरकत नव्हते. घरात भांडं पडलं तरी त्याची लय मोडत नव्हती. मी सुहासरावांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की ताबडतोब कान तपासून घ्या. ते चहाचा कप तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "ताई, तिला मी सांगतो. पोर अंगावर पितंय, धसका घेतला तर दूध आटंल. तुमी पत्रात काय लिहू नका." मला ते पटलं. नवरा-बायकोत ते बोलणं आधी व्हावं असंही वाटलं. तुझ्या पुढच्या पत्रावरून दिसलं की त्यांनी सांगितलेलं नाही. पण पाकीट त्यांच्याच हातून जायचं, मी काय लिहिणार होते?

आता जे झालं ते झालं. अजून खूप करता येतं. कानाला यंत्र लावतात, त्याने भागलं नाही तर ऑपरेशन करतात, मुलं बोलतातही. मागच्या कोऱ्या पानावर पुण्यातल्या डॉक्टरांचा पत्ता लिहिलाय, माझी ओळख सांग. तपासणी होईपर्यंतचं एक कार्ड जमलं तर भरून ठेव, उपयोगी पडेल.

स्वतःला दोष देऊ नकोस.

तुझी,
रेणुताई


कान्हे
१९ जानेवारी २०२५

रेणुका,

तपासणी झाली. तू दिलेल्या पत्त्यावर गेलो नाही, दुसरीकडे गेलो. त्याला झोपवून डोक्याला वायरी लावल्या. दोन्ही कान गेलेले आहेत, जन्मापासून. थोडं शिल्लक आहे, तेही जाड आवाजापुरतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी सुहासकडे बघितलं. तो भिंतीवरचं पोस्टर वाचत होता.

घरी आल्यावर बोलला. दुधाचं कारण तुला सांगायला होतं. मला सांगितलं ते खरं. "चैतालीचं जमलेलं मोडलं असतं. घरात मुकं प्वार हाय म्हटल्यावर कोण सून नेतंय." म्हणून लग्न होईपर्यंत गप्प बसायचं त्याने ठरवलं. सासूबाई दळण निवडत होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. सूप बाजूला सारून म्हणाल्या, "मला इचारायचं व्हतंस. लगीन काय, पुढल्या साली झालं असतं." त्यानंतर त्या त्याच्याशी बोललेल्या नाहीत. ताट वाढतात, पण बोलत नाहीत.

त्याचं मी बघेन. तो माझ्या घरात आहे, रोज समोर आहे. तुझ्याशी बोलायचं आहे ते इथेच बोलते.

पहिलं तुला सांगेन असं तू लिहिलं होतंस. मी मागितलं नव्हतं, तू आपणहून लिहिलंस. शंका आली तेव्हा कुणाला बोलावलंस? बंडी मी घालत होते, कार्ड मी काढत होते, बोलत मी होते, तुझ्याकडे आहे तो आवाज माझा आहे. आणि ज्याने एकदाही ती बंडी हातात घेतली नाही त्याला तू समोर बसवून सांगितलंस. माझं मन तुटेल, माझं दूध आटेल, हे तुम्ही दोघांनी चहावर ठरवलंत. मला सगळं कळून पंधरा दिवस झाले. अमृत अजून अंगावर पितो.

पाकीट त्याच्या हातून येत होतं म्हणतेस. पाकीट चिकटवलेलं असायचं, एकदाही फोडलेलं आलं नाही. खंडाळ्यात पोस्ट आहे. लोणावळ्याहून लोकलने तू अर्ध्या तासात कान्ह्याला उतरली असतीस. मी ऑक्टोबरात तुला हात जोडल्यासारखं विचारलं, लपवू नकोस. तू लिहिलंस, पक्ष्यांचंच बोलणं झालं. ते तू सहज नाही लिहिलंस, नीट विचार करून लिहिलंस.

आणि वर लिहिलंस की त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोल. मी बोलले. तुझं ऐकून ताप असताना बोलले, लग्नाच्या जेवणावळीत पोराला कोपऱ्यात घेऊन बोलले. पोपटाच्या पेरूला आम्ही हसलो ते तू ऐकलंस आणि छान हसलात असं कळवलंस. तुला माहीत होतं की त्या हसण्यातलं त्याला काहीच ऐकू जात नाही. तेव्हा तुला काय वाटलं?

तुझी कार्डं मात्र एकदाही थांबली नाहीत. आता तर तपासणीपर्यंतचं एक भरून ठेव म्हणतेस. मी फार शिकलेली नाही, पण एवढं मला कळतं. इतर घरांतली पोरं सगळी सारखी, बोलायला लागलेली. न बोलणारं पोर तुझ्याकडे एकच होतं.

सुहासने लपवलं ते बहिणीसाठी. तू कुणासाठी लपवलंस?

सारिका


खंडाळा
२ फेब्रुवारी २०२५

सारू,

कुणासाठी ते विचारलंस. माझ्यासाठी.

कुणालाही कल्पना नसताना, जन्मापासून बहिऱ्या असलेल्या बाळाचे घरातले आवाज सहसा मिळत नाहीत. एकदा कळलं की आईबाप बदलतात, खुणा करतात, गप्प होतात. तू काहीच बदलली नव्हतीस. मॅडम म्हणाल्या, बापाला सांगितलंय ना, आपलं कर्तव्य झालं, दिवाळीपर्यंतची कार्डं येऊ दे. मी हो म्हटलं. दर वेळी पाकीट आलं की वाटायचं, यात लिहिलेलं असेल की तुला कळलं. नसायचं. वाईट वाटायचं आणि हायसंही वाटायचं, दोन्ही.

तुझी सगळी कार्डं या पाकिटात परत करतेय. माझ्याकडे नक्कल आहे, ती तू म्हणशील तर पुसते. अमृतला अभ्यासातून काढ म्हणालीस तर काढते. मग माझ्या प्रबंधात फारसं काही उरत नाही, पण ते मी बघेन.

एक मागते. यंत्र बसवतील त्या दिवशी मला येऊ दे. दाराबाहेर उभी राहीन, आत येणार नाही.

रेणुका


कान्हे
२३ मार्च २०२५

रेणुका,

कार्डं मिळाली. तुला बोलावलं नाही.

यंत्र बसवून झालं. कापूस भरल्यासारख्या भिंतींची लहानशी खोली होती, बाहेरचं काही आत येत नव्हतं. अमृत माझ्या मांडीवर होता. तिथल्या बाईंनी त्याच्या दोन्ही कानांमागे ते यंत्र अडकवलं आणि हळूहळू वाढवत नेलं. मग मला म्हणाल्या, आता आईंनी हाक मारायची.

मी तोंड उघडलं. वर्षभर मी त्याच्याशी सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत होते, कधी शब्दाला अडले नाही. त्या खोलीत माझ्या तोंडून काही निघालं नाही. मनात एकच आलं, मी हाक मारली आणि हा वळला नाही तर. इतके महिने तो वळत नव्हता आणि मला कळलं नाही. आता कळून सवरून ते बघायचं होतं. बाई पुन्हा म्हणाल्या, बोला ना, काहीही बोला.

सुहास मागे उभा होता. त्याला वाटलं असेल की वेळ चाललीय. तो वाकला आणि म्हणाला, "आम्या."

अमृत थांबला. हातातलं खेळणं तसंच राहिलं. डोळे मोठे झाले, मग मान वळवून त्याने सुहासकडे बघितलं. ओठ बाहेर काढून रडायच्या बेतात आला आणि रडला नाही. सुहासने पुन्हा आम्या म्हटलं आणि तोच रडायला लागला. बाई हसत होत्या. त्यांच्यासाठी ते रोजचंच असेल.

मग माझा आवाज सुटला. अमृत, अमृत, अमृत, किती वेळा म्हटलं कोण जाणे. तो सुहासकडेच बघत होता. बाईंनी समजावलं की जाड आवाज त्याला आधी कळतात, बारीक आवाज या यंत्रातून नीट पोचत नाही, ऑपरेशन झालं की येईल, तोवर मनाला लावून घेऊ नका. सहा महिने आधी आला असतात तर आतापर्यंत ऑपरेशन झालं असतं, हेही त्या म्हणाल्या. दोष द्यायला नाही, सहज.

येताना गाडीत सुहास त्याला आम्या आम्या करत होता आणि तो दर वेळी वळत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. पण माझ्या पोराने जन्मात पहिली हाक ऐकली ती ज्याने त्याचं बहिरेपण लपवलं त्याची. मी समोर होते आणि गप्प होते. हे माझ्याकडून तुम्ही दोघांनी नेलं. सुहासला मी माफ करेन की नाही ते मला माहीत नाही, त्याच्यासोबत राहायचंय म्हणून रोज थोडं ठरवावं लागतं. तुझ्याबाबत ठरवायला रोज लागत नाही.

नक्कल पुसू नकोस आणि अमृतचं नावही काढू नकोस. त्याचे आवाज तुझ्या प्रबंधात राहू देत. पुढे कुणा बाईचं पोर असंच गप्प झालं तर त्यावरून लवकर ओळखता येईल. फक्त तेव्हा त्या बाईला सांगा.

आई तुझी आठवण काढते. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुझी आई आणि ती सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्यात हे नको.

मी रोज त्याच्यासमोर बसते आणि बोलते. सध्या तो माझ्या ओठांकडे बघतो, आवाजाकडे वळत नाही. ऑपरेशनची तारीख मिळालीय, डॉक्टर म्हणतात नंतर वळेल. आज ना उद्या तो पाठीमागून माझा आवाज ऐकेल आणि माझ्याकडे बघेल. ते मी आईला कळवेन, शालनला सांगेन, सासूबाई अख्ख्या आळीत सांगतील. तुला कुणी कळवणार नाही.

सारिका